चित्रांतून राजकीय विचारांची ओळख

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात एका इतिहास-शिक्षकाने पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यात शिक्षक बोलायला उभा राहिला म्हणजे तो निकालाची टक्केवारी, शिस्त आणि गृहपाठ यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असते. त्या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. परंतु चिटणीससाहेबांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली आहे. म्हणून माझ्या वर्गातील रोजच्या कामाशी निगडित असा एक विषय मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. नववी-दहावीच्या मुलांना राजेशाही, राष्ट्रवाद, समाजवाद, फॅसिझम, लोकशाही हे विचार समजावून कसे सांगावेत, आणि त्या कामी जगातील नामांकित चित्रांची मदत कशी होते, हा तो विषय.

'राजकीय' हा शब्द ऐकताच काही पालकांच्या कपाळाला आठी पडते. "सर, आमच्या पोरांना राजकारणाच्या भानगडीत पाडू नका," असे मला अनेकांनी कळकळीने सांगितले आहे. त्या सांगण्यामागची काळजी मी ओळखून आहे. पण आपण मुलांना राजकारणापासून लांब ठेवले तरी राजकारण मुलांपासून लांब राहत नाही. ते चौकातल्या फलकावर असते, निवडणुकीच्या पोस्टरवर असते आणि आता तर रात्री अंथरुणात मुलाच्या हातातल्या मोबाईलवर असते. तेथे ते ग्रंथाच्या रूपाने येत नाही, चित्राच्या रूपाने येते. कुठले तरी चित्र क्षणात गावभर पसरते, दोन दिवस दुकाने बंद राहतात आणि ज्याने ते विचार न करता पुढे ढकलले त्या पोराचे शिक्षण तिथेच थांबते. अशा मुलाला चित्र वाचता येत असते तर? माझे आजचे सारे बोलणे या एका प्रश्नाभोवती आहे.

'समाजवाद म्हणजे काय?' याची व्याख्या आमची मुले पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पेपर संपताच विसरतात. २०१८ साली आलेल्या दहावीच्या 'इतिहास आणि राज्यशास्त्र' या पुस्तकात भारतीय कलांच्या इतिहासावर एक प्रकरण होते आणि राज्यशास्त्राचा भाग वेगळा होता. एकाच पुठ्ठ्यात बांधलेल्या या दोन भागांची गाठ वर्गात घालून द्यावी, एवढाच माझा प्रयत्न आहे.

त्यासाठी मी मुलांना चार प्रश्न दिले आहेत. कोणतेही चित्र समोर आले की ते विचारायचे. पहिला: हे चित्र कोणी काढवून घेतले, पैसे कोणी दिले? दुसरा: चित्रात मध्यभागी आणि उंचावर कोण आहे, खाली आणि कडेला कोण आहे? तिसरा: कोणाला किंवा कशाला चित्रातून गाळले आहे? आणि चौथा: हे चित्र पाहून मी काय करावे, अशी काढणाऱ्याची इच्छा आहे?

आता उदाहरणे पाहू. सुरुवात मी मुद्दाम अशा वस्तूपासून करतो, जिच्यावर चित्रच नाही.

इस्लामच्या पहिल्या शतकात सीरियाच्या बाजारात रोमी बादशहांची मुखचित्रे असलेली सोन्याची नाणी चालत. उमय्या खलिफा अब्दुल मलिक यांनी प्रथम हातात तलवार घेऊन उभ्या असलेल्या खलिफाचे चित्र नाण्यावर घालून पाहिले. मग हिजरी ७७ साली, म्हणजे इ. स. ६९६-९७ मध्ये, त्यांनी नाण्यावरून माणसाची आकृतीच काढून टाकली आणि केवळ अक्षरे ठेवली. तौहीदची ग्वाही आणि हिजरी सन त्या दिनारवर आहे. खलिफाचे नावसुद्धा नाही. मुलांना मी विचारतो, बादशहाचा चेहरा असलेले नाणे काय म्हणते आणि हे नाणे काय म्हणते? पहिले म्हणते, सत्ता या माणसाची आहे. दुसरे म्हणते, सत्ता एका तत्त्वाच्या नावाने चालते आणि राज्यकर्ता त्या तत्त्वाखाली आहे. मुले पुढे आपणहून विचारतात की टांकसाळ तर खलिफाच्याच ताब्यात होती ना? प्रश्न बरोबर आहे. तत्त्वाच्या नावाने राज्य करणारा तत्त्वाप्रमाणे वागतो की नाही, हे नाणे सांगू शकत नाही. ते इतिहासाला विचारावे लागते. दाखवलेला विचार आणि प्रत्यक्ष कारभार यांतला फरक ओळखण्याचा पहिला धडा मुलांना येथे मिळतो.

दुसरे चित्र आपल्या देशातले. जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या बिचित्र नावाच्या चित्रकाराने साधारण १६१५ ते १६१८ च्या सुमारास ते काढले. बादशहा एका मोठ्या वाळूच्या घड्याळावर बसला आहे. त्याच्या मस्तकामागे सूर्य-चंद्राचे भव्य तेजोवलय आहे. तो एका वृद्ध सूफी शेखला ग्रंथ देत आहे. शेखच्या खाली तुर्की सुलतान, त्याच्या खाली इंग्लंडचा राजा जेम्स आणि सर्वांत खाली कोपऱ्यात स्वतः चित्रकार. अर्थ उघड आहे: बादशहाला राजेरजवाड्यांपेक्षा फकीर प्रिय आहे. मुलांना हे आवडते. मग आम्ही चार प्रश्न लावतो. काढवून कोणी घेतले? बादशहानेच. मध्यभागी कोण? बादशहाच. तेजोवलय फकिराच्या डोक्यामागे का नाही? म्हणजे नम्रतेचे चित्रसुद्धा सत्तेचेच चित्र आहे. राजाला दैवी प्रकाश लाभलेला असतो आणि म्हणून प्रजेने त्याचे ऐकावे, हा राजेशाहीचा विचार पाच पाने वाचून जेवढा कळत नाही तेवढा या एका पानावर कळतो. चित्रातले देवदूत बादशहाला हजार वर्षे लाभोत, असे त्या घड्याळावर लिहीत आहेत. परंतु घड्याळातली वाळू तर खाली उतरत आहे. जहांगीर १६२७ साली वारला.

या चित्रात इंग्लंडचा राजा खाली कडेला आहे, हे ध्यानात ठेवा. त्या राजाचा वकील सर टॉमस रो हा व्यापाराच्या सवलती मागण्यासाठी १६१५ साली हिंदुस्थानात आला होता. त्यानंतर सुमारे १६० वर्षांनी, १७७८ साली, स्पिरिडिओन रोमा या चित्रकाराने लंडनमधील ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीसाठी एक चित्र काढले. ते महसूल समितीच्या दालनाच्या छताला लावलेले होते. त्यात गोरी ब्रिटानिया उंच खडकावर बसली आहे. खालून सावळी हिंदुस्थान मोत्या-रत्नांनी भरलेला मुकुट तिच्यापुढे धरते आहे. चीन चिनी मातीची भांडी आणि चहा घेऊन आला आहे. कोणाच्या हाती तलवार नाही. सगळे जणू स्वखुशीने नजराणा देत आहेत! साम्राज्यवाद स्वतःकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे शिकवायला यापेक्षा चांगला तक्ता मिळणार नाही.

हे चित्र दाखवताना मी फळ्यावर एकच सन लिहितो: १७७०. त्या वर्षी कंपनीच्या अमलाखालील बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला, लाखो माणसे अन्नावाचून मेली आणि महसुलाची वसुली मात्र चालू राहिली. अवघ्या आठ वर्षांनी हे चित्र काढले गेले आणि त्याच्याखाली बसून महसुलाचा हिशेब होत राहिला. एका विद्यार्थिनीने तेव्हा विचारले, "सर, यात भूक कुठे आहे?" आमच्या तिसऱ्या प्रश्नाचे याहून सुंदर रूप मला अजून सापडलेले नाही.

आता युरोपात जाऊ, कारण आज आपण ज्या विचारांची नावे घेतो त्यांतील बहुतेकांना तेथील उलथापालथीत आकार आला. फ्रेंच राज्यक्रांती शिकवताना मी झाक लुई डेव्हिड या एकाच चित्रकाराचा हात धरून चालतो. हा गृहस्थ राजाच्या काळात राजाश्रयाने चित्रे काढत होता. क्रांती होताच तो क्रांतिकारकांच्या सभेचा सभासद झाला आणि राजाला देहदंड देण्याच्या बाजूने त्याने मत दिले. १३ जुलै १७९३ रोजी त्याचा मित्र, पत्रकार आणि क्रांतिनेता मारा याचा शार्लोत कोर्दे या तरुणीने सुरा भोसकून खून केला. माराला त्वचेचा विकार होता आणि तो औषधी पाण्याच्या टबात बसून काम करी. तेथेच तो मारला गेला. डेव्हिडने त्याचे चित्र काढले. त्यात माराची कांती स्वच्छ आहे, जखम लहान आहे, चेहऱ्यावर शांती आहे. जणू एखादा संत झोपी गेला आहे. खून करणारी चित्रात कुठेच नाही, तिचे फक्त पत्र माराच्या हातात आहे. हाच मारा आपल्या वर्तमानपत्रातून विरोधकांची मुंडकी मागत असे, हे मात्र चित्र सांगत नाही. हुतात्मा निर्माण करण्यासाठी काय दाखवावे लागते आणि काय झाकावे लागते, हे मुलांना येथे उमगते.

पुढे नेपोलियन आला आणि डेव्हिड त्याचा चित्रकार झाला. नेपोलियन आल्प्स पर्वत ओलांडतो आहे, पांढरा घोडा मागच्या पायांवर उभा राहिला आहे, अंगरखा वाऱ्यावर उडतो आहे, हे चित्र आपण पुस्तकांत पाहिले असेल. प्रत्यक्षात १८०० सालच्या मे महिन्यात नेपोलियनने तो घाट खेचरावर बसून पार केला. सुमारे ५० वर्षांनी पॉल डेलारोश या दुसऱ्या फ्रेंच चित्रकाराने थकलेला, थंडीने गारठलेला, खेचरावर बसलेला नेपोलियन काढला. ही दोन चित्रे शेजारी ठेवली की भाषणाची गरज उरत नाही. नेपोलियनच्या राज्याभिषेकाच्या चित्रात तर डेव्हिडने त्याच्या आईला मानाच्या जागी बसवले आहे. त्या समारंभाला ती बाई हजरच नव्हती.

"मग डेव्हिड लबाड होता का?" असे मुले विचारतात. मी त्यांना घाई करू देत नाही. तो मोठा कलावंत होता, याबद्दल वाद नाही. पण मोठी कला आणि सत्य या दोन गोष्टी नेहमी एकत्र नांदतातच असे नाही. एखादे चित्र सुंदर आहे म्हणून त्यातला विचार बरोबर ठरत नाही, एवढे समजले तरी त्या दिवसाचा तास सार्थकी लागला.

१८३० साली पॅरिसच्या जनतेने पुन्हा राजाला घालवले. त्यावर देलाक्रवाने काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. हातात तिरंगी झेंडा घेतलेली स्वातंत्र्यदेवता पुढे, तिच्या मागे कामकरी, उंच टोपी घातलेला सुखवस्तू माणूस, दोन पिस्तुले घेतलेला पोरगा. सगळे वर्ग एकाच झेंड्याखाली, हाच राष्ट्रवादाचा व उदारमतवादाचा संदेश. नव्या राजवटीने १८३१ साली ते चित्र विकत घेतले आणि थोडा काळ दाखवून बाजूला ठेवून दिले. लोकांच्या खांद्यावर बसून जे सत्तेवर आले, त्यांना लोकांच्या उठावाचे चित्र भिंतीवर नको होते. सत्तेवर येण्यापूर्वीची भाषा आणि आल्यानंतरची भाषा यांतले अंतर येथे दिसते.

समाजवादाकडे मी रशियाच्या वाटेने जातो. इल्या रेपिन याने १८७० ते १८७३ या काळात व्होल्गा नदीवरील नावाड्यांचे चित्र काढले. छातीला पट्टे बांधलेले अकरा मजूर भर उन्हात काठाने एक जहाज ओढत आहेत. सगळे वाकले आहेत. मधला एक तरुण तेवढा ताठ होऊन पट्टा सैल करू पाहतो आहे. आमच्या भागातली मुले हे चित्र पाहून गप्प होतात, कारण त्यांनी बंदरावर, वखारीत, वीटभट्टीवर आपल्याच नात्यातली माणसे ओझ्याखाली वाकलेली पाहिली आहेत. जो राबतो त्याच्या हाती काही का उरत नाही, हा समाजवादाचा मूळ प्रश्न त्यांना व्याख्येशिवाय समजतो. हे चित्र विकत घेतले ते झारच्या मुलाने, हेही मी सांगतो. गरिबीचे चित्र महालात टांगल्याने गरिबी हटत नाही.

पण ज्यांनी ती हटवण्याचे वचन देऊन सत्ता घेतली, त्यांनी काय केले? १९३२ साली सोव्हिएत सरकारने चित्रकारांच्या स्वतंत्र संघटना बरखास्त केल्या. कसे काढायचे ते सरकार ठरवू लागले. १९३२-३३ मध्ये युक्रेन आणि कझाकस्तानात दुष्काळाने लाखो माणसे मेली. आणि १९३७ साली सर्गेई गेरासिमोव्ह याने काढलेले सामुदायिक शेतावरील उत्सवाचे चित्र पाहा. टेबलावर अन्न आहे, ऊन पडले आहे, सारे आनंदी आहेत. आमच्या त्या विद्यार्थिनीचा प्रश्न येथेही तसाच लागू पडतो. त्याच काळातील एका छायाचित्रात स्टालिनच्या शेजारी गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह कालव्याच्या काठी चालताना दिसतो. १९४० साली येझोव्हला ठार मारण्यात आले आणि नंतर त्या छायाचित्रातून तो नाहीसा झाला. त्याच्या जागी नुसते पाणी आहे. हातांनी रंगवून फोटो बदलण्याचे ते दिवस होते. आज कोणाचाही चेहरा कोणाच्याही धडावर काही क्षणांत बसवता येतो, तेव्हा मुलांनो, किती सावध असले पाहिजे!

आता १९३७ याच सालावर थोडे थांबू. त्या वर्षी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. जर्मनीचा आणि सोव्हिएत रशियाचा मंडप समोरासमोर उभे होते. एकावर नाझींचा गरुड, दुसऱ्यावर वेरा मुखिना यांनी घडवलेले कामगार आणि शेतकरी स्त्रीचे पोलादी शिल्प, हातांत हातोडा आणि कोयता उंचावलेले. एकमेकांचे शत्रू, पण दोघांनाही भव्यता प्रिय, दोघांनाही पाहणारा माणूस खुजा वाटावा अशी इच्छा.

त्याच वर्षी जुलैमध्ये म्युनिकला नाझींनी दोन प्रदर्शने भरवली. एक 'थोर जर्मन कले'चे, त्यात धट्टीकट्टी शरीरे, शेतकरी कुटुंबे, सैनिक. दुसरे 'अधःपतित कले'चे. त्यात आधुनिक चित्रकारांची, ज्यू चित्रकारांची जप्त केलेली सुमारे ६५० चित्रे-शिल्पे दाटीवाटीने टांगून भिंतींवर टवाळीची वाक्ये लिहिली होती. लोकांनी हसावे, किळस करावी म्हणून ते मांडले होते. वीस लाखांहून अधिक माणसे ते पाहून गेली. आधी चित्रांची टवाळी झाली, मग पुस्तके आणि चित्रे काढणाऱ्या माणसांना देश सोडावा लागला, आणि पुढच्या काही वर्षांत साठ लाख ज्यूंची हत्या झाली. एखाद्या समाजाला हास्यास्पद किंवा घाणेरडा दाखवणारे चित्र पाहून आपण हसतो, तेव्हा आपण कोणत्या वाटेची पहिली पायरी चढतो आहोत, हे मी मुलांना विचारतो. तो समाज आपला असो की दुसऱ्या कोणाचा, प्रश्न बदलत नाही.

एमिल नोल्डे नावाचा चित्रकार स्वतः नाझी पक्षाचा सभासद होता. तरीही त्याची चित्रे त्या टवाळीच्या प्रदर्शनात लावली गेली. अशा राजवटीत निष्ठा दाखवूनही माणूस सुरक्षित राहत नाही.

येथे एक गोष्ट मी आवर्जून करतो. जर्मन लोक हिटलरच्या मागे का गेले, हे आधी समजावून सांगतो. युद्धातला पराभव, नोटांना न उरलेली किंमत, लाखोंची बेकारी आणि अपमानाची भावना. जो विचार आपल्याला वाईट वाटतो त्याकडे माणसे का ओढली जातात हे कळले नाही, तर तोच विचार उद्या वेगळ्या रंगात आला की आपणही ओढले जाऊ.

आणि त्याच १९३७ साली, २६ एप्रिलला, स्पेनमधील गेर्निका या गावावर जर्मन व इटालियन विमानांनी बाँब टाकले. पिकासोने पॅरिसच्या त्याच प्रदर्शनातील स्पेनच्या मंडपासाठी जवळजवळ आठ मीटर लांबीचे चित्र काढले. काळा, पांढरा आणि करडा एवढेच रंग. त्यात विमान नाही, सेनापती नाही. मेलेले मूल मांडीवर घेऊन आक्रोश करणारी आई आहे, तडफडणारा घोडा आहे, तुटलेली तलवार आहे. मध्यभागी कोणी राजा नाही, हे मुलांच्या लगेच लक्षात येते. स्पेनमध्ये लोकांचे स्वातंत्र्य परत येईपर्यंत हे चित्र तेथे जाऊ नये, अशी पिकासोची अट होती. ते १९८१ साली गेले, पिकासोच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. त्या चित्राची विणलेली प्रतिकृती संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या दाराशी होती. फेब्रुवारी २००३ मध्ये इराक-युद्धाची चर्चा चालू असताना तिच्यावर निळा पडदा टाकण्यात आला. लोकशाही देशही काही वेळा चित्राला घाबरतात. न्यूयॉर्कमध्ये दिएगो रिव्हेरा याने रॉकफेलर सेंटरच्या भिंतीवर काढलेल्या चित्रात लेनिनचा चेहरा आला, म्हणून १९३४ साली ते चित्रच फोडून टाकण्यात आले. फरक इतकाच की त्या देशात या कृत्याची उघड निंदा करता आली आणि निंदा करणारा घरी परतला. तो फरक लहान नाही. लोकशाहीची किंमत मुलांना तेथेच कळते.

आता पुन्हा आपल्या देशात येऊ. फ्रान्सने स्वातंत्र्य स्त्रीरूपात पाहिले, तसे १९०५ साली बंगालच्या फाळणीविरुद्धच्या चळवळीत अवनींद्रनाथ ठाकुरांनी राष्ट्र स्त्रीरूपात पाहिले. त्यांच्या भारतमातेच्या चार हातांत पोथी, भाताची लोंबी, वस्त्र आणि जपमाळ आहे. विद्या, अन्न, वस्त्र आणि साधना. त्यांतल्या पहिल्या तीन गोष्टी कोणत्या भारतीयाला नको आहेत? तेजोवलय आणि देवतेचे रूप पाहून मात्र वर्गातील काही मुले अडखळतात. त्यांचे अडखळणे मी दडपत नाही आणि त्याचा बाऊही करत नाही. मी पुढचे चित्र दाखवतो.

१९३८ साली गुजरातेत हरिपुरा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी तेथील मंडपांसाठी साध्या कागदावर साध्या रंगांत चित्रे केली. प्रतींसह ती सुमारे ४०० होती. त्यात देवता नाही, राजा नाही, पुढारी नाही. पिंजारी आहे, चांभार आहे, कुंभार आहे, ढोलकी वाजवणारा आहे, दळणकांडण करणारी बाई आहे. राष्ट्र म्हणजे कोण, या प्रश्नाचे हे दुसरे उत्तर. पिंजाऱ्याचे चित्र पाहून एका मुलाचा चेहरा असा खुलला की काय सांगू! त्याच्या घरी तीन पिढ्या कापूस पिंजला जात होता.

पुढे १९४३ मध्ये बंगालात पुन्हा दुष्काळ पडला. या वेळी मात्र भूक चित्रात आली. कलकत्त्याच्या कलाशाळेत शिकवणारे तरुण झैनुल आबेदीन यांनी रस्त्यावर मरणाऱ्या माणसांची चित्रे स्वस्त कागदावर काळ्या शाईने काढली. चित्तप्रसाद यांनी मिदनापूर जिल्ह्यात फिरून 'हंग्री बेंगॉल' ही सचित्र पुस्तिका केली आणि इंग्रज सरकारने तिच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. हे चित्तप्रसाद नंतर आपल्या मुंबईतच राहिले. १७७८ चे छत आणि १९४३ चा स्वस्त कागद शेजारी ठेवा. एक साम्राज्याच्या बाजूने बोलते, दुसरे माणसाच्या बाजूने.

शेवटी मी राज्यघटनेची मूळ हस्तलिखित प्रत दाखवतो. तिची चित्रसजावट नंदलाल बोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. त्या पानांवर शिवाजी महाराज आहेत, गुरू गोविंदसिंग आहेत, अकबर आहे. टिपू सुलतान आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई एकाच पानावर आहेत. नौखालीत दंगलीनंतर गावोगाव फिरणारे गांधीजी आहेत. ज्या ग्रंथाने आपल्याला समान नागरिक केले, त्याच्या पानांवर आपणही आहोत. हे मुलाला एकदा डोळ्यांनी दिसले पाहिजे.

मला विचारल्या जाणाऱ्या दोन शंकांचा येथे उल्लेख करतो. पहिली धर्माची: "सर, आपल्यात चित्रांविषयी नापसंती आहे, मग हे कशाला?" मी आलिम नाही, मसला सांगणे माझे काम नाही. मी कोणत्याही मुलाला सजीवाचे चित्र काढायला लावत नाही. ज्याच्या घरी हे पसंत नसेल, तो खुशाल सुलेखन करो, नक्षी काढो. पण दुसऱ्यांनी काढलेली चित्रे आपल्या मुलांसमोर दिवसरात्र येतच आहेत. ज्याचा मोह होतो ते ओळखायला शिकणे, यात गैर काही नाही. उलट चित्रापुढे मान न तुकवता त्याला प्रश्न विचारणे ही आपल्या शिकवणीशी जुळणारीच गोष्ट आहे, असे मला वाटते.

दुसरी शंका अशी की शिक्षक आपलेच मत मुलांच्या गळी उतरवील. ही भीती रास्त आहे. म्हणून मी एक नियम पाळतो. प्रत्येक विचार आधी त्याच्या अनुयायाने मांडावा तसा मांडायचा. मग त्याची किंमत कोणी मोजली ते विचारायचे. मी कोणत्या पक्षाला मत देतो हे माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक नाही. ते ओळखण्याचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न करून पाहिला आहे!

यासाठी पैसा लागतो असेही नाही. चित्रे छापून वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवली तरी भागते. पालकांनी तर आज घरी जाताना खिशातील नोट काढावी आणि मुलासमोर ठेवावी. १९९६ पासूनच्या नोटांवर गांधीजी का आहेत? त्या आधी अशोकस्तंभ का होता? मागच्या बाजूला १५ भाषांत किंमत लिहिली आहे, त्यात मराठी शोधा, उर्दू शोधा. २०१६ नंतर निघालेल्या पाचशेच्या नोटेवर लाल किल्ला आहे, २०१९ मध्ये आलेल्या वीसच्या नोटेवर वेरूळ आहे. या निवडीतून आपले राज्य स्वतःविषयी काय सांगू इच्छिते, आणि ते जे सांगते त्याप्रमाणे आपल्या मोहल्ल्यात घडते का? हा अभ्यास एका आईला, एका बापाला, न शिकलेल्या आजीलाही करता येईल. शाळेची पायरी न चढलेल्या एका दादीने नातवाला विचारले, "यावर बाईमाणूस का नाही रे?" असा प्रश्न विचारणाऱ्या घरातले पोर सहजासहजी कोणाच्या भूलथापांना बळी पडणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन कोणता विचार स्वीकारावा हे मी सांगणार नाही. तो तुमचा हक्क आहे. फक्त तो विचार डोळे उघडे ठेवून स्वीकारा. तुमच्यासमोर जे चित्र येईल, मग ते आपल्या बाजूचे असो वा विरुद्ध बाजूचे, त्याला चार प्रश्न विचारा. आपल्या बाजूच्या चित्राला तर अधिक कसून विचारा, कारण तेथेच आपण लवकर फसतो. आणि पुढे पाठवण्याआधी क्षणभर थांबा.

 अल्लाह आपल्या मुलांना इल्म आणि त्याबरोबर विवेक देवो. जय हिंद, जय महाराष्ट्र.